लांब पल्ल्यावर गाडी अंगाला बसत नाही: काय तपासायचं, कुठं थांबायचं आणि दुसरी गाडी मित्राबरोबर कशी बघायची

पहाटे कोल्हापुरात तावडे हॉटेलवरून पुण्याच्या हायवेला लागलेला माणूस कराडपर्यंत खुशीत असतो. साताऱ्याच्या अलीकडं करंगळीला मुंग्या येतात, कंबर भरून येते. खंबाटकीचा घाट लागेपर्यंत तो सीटवर कधी डावीकडं, कधी उजवीकडं सरकत असतो. आणि पुण्यात उतरल्यावरचं पहिलं वाक्य ठरलेलं: "ही गाडी लांबच्या कामाची नाही, विकून टाकतो."

माझं शिवाजी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. लेथचं काम हा धंदा आणि मोटरसायकल ही आवड. पाने, टेप, लेव्हल कायम हाताशी असतात, त्यामुळं ही एकच तक्रार घेऊन मित्र आणि मित्रांचे मित्र वर्षानुवर्षं येत आलेत. त्यातल्या बहुतेकांना गाडी विकावी लागली नाही. काहींची गाडी मात्र खरंच त्यांच्या अंगाची नव्हती, मग आम्ही मिळून दुसरी बघितली. दोन्हीची रीत क्रमानं लिहितो. आधी फुकटचं, मग शे-दोनशेचं, मग हजारांचं, आणि अगदी शेवटी लाखांचं.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण सगळा घोळ तिथंच होतो. दुखतं एका जागी आणि दोष असतो दुसऱ्या जागी. गाडीवर आपण तीन ठिकाणी टेकलेले असतो: हँडल, सीट आणि फूटरेस्ट. तीन दगडांच्या चुलीतला एक दगड हलला की भांडं दुसऱ्याच बाजूला कलतं, तसंच हे आहे. सीट पुढं उतरती असेल तर माणूस टाकीकडं घसरतो, घसरणं हातांनी थोपवतो आणि दुखतं मनगट. मग तो हँडल बदलून बसतो. पैसे जातात, मनगट तसंच राहतं.

लक्षणं

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल, तर तळव्याचा करंगळीकडचा भाग ग्रिपवर दाबला जातोय आणि तिथून जाणारी अल्नर नस चेपतेय. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल, तर मनगट वर किंवा खाली वाकलेलं राहतंय. तिथं मीडियन नस मनगटातल्या अरुंद जागेतून जाते, आणि मनगट वाकलं की ती जागा आणखी आवळते. सगळीच बोटं सारखी मुंग्यावत असतील, आणि तेही एका ठरावीक वेगालाच, तर बैठकीआधी कंपनाचा संशय घ्या.

तासाभरात बसायची हाडं दुखू लागली तर सीटचा फोम बघायचा. माकडहाड दुखत असेल तर तुम्ही मागं रेलून, पोक काढून बसताय. ते बहुधा हँडल लांब असल्यानं किंवा पाय फार पुढं असल्यानं होतं. कंबर फक्त खड्ड्यांतून गेल्यावर धरत असेल तर शॉकअपकडं बघा. सपाट हायवेवरही धरत असेल तर बैठक बघा. गुडघा आतून दुखतो तेव्हा सीट आणि फूटरेस्ट यांतलं अंतर कमी पडतंय. मान आणि खांदे दुखतात ते वाऱ्यानं किंवा हात ताणले गेल्यानं.

दुखणं एकाच बाजूला असेल तर ते वेगळं लक्षण माना. डावं ढुंगण, डावा खांदा किंवा फक्त उजवं मनगट असं काही असेल, तर गाडी किंवा तुम्ही, कुणीतरी एक वाकडं आहे.

आणखी एक लक्षण आहे, जे माणसं दुखणं म्हणून सांगत नाहीत: सिग्नलला पाय नीट टेकत नाही, यू-टर्नला पोटात गोळा येतो, उतारावर गाडी लावायला नको वाटतं. लांबच्या प्रवासात याचा शीण पाठदुखीइतकाच असतो, कारण माणूस दिवसभर अंग आखडून बसतो.

पाना हातात घ्यायच्या आधी मोबाईलमध्ये तीन गोष्टी लिहा: कुठं दुखलं, किती किलोमीटरनंतर सुरू झालं, आणि उतरल्यावर किती वेळानं थांबलं. पुढचा प्रत्येक बदल एकावेळी एकच करा आणि त्याच रस्त्यावर पुन्हा जाऊन बघा. चार बदल एकदम केले की कशानं फरक पडला ते कधीच कळत नाही.

फुकटात होणारी तपासणी

मागच्या खिशातलं पाकीट काढा. हे मी सगळ्यात आधी सांगतो आणि ऐकणारा सगळ्यात उशिरा ऐकतो. एका बाजूला बोटभर जाडीचं पाकीट ठेवून दोन-तीन तास बसलं की कंबरेचा कटोरा तिरका होतो आणि पायात उतरणाऱ्या नसेवर दाब येतो. एका बाजूच्या कंबरदुखीची कितीतरी प्रकरणं इथंच मिटली आहेत.

त्यानंतर पाठीवरची सॅक. लॅपटॉप, रेनकोट, पाण्याची बाटली असं सात-आठ किलो वजन पाठीवर असलं की खांदे पुढं येतात, मान ताणली जाते आणि प्रत्येक खड्ड्याला ते वजन मणक्यावर आदळतं. सामान मागच्या सीटवर बांधा किंवा सॅडलबॅगमध्ये टाका. जाड शिवण असलेली जीन्स आणि मोठ्या बकलचा पट्टाही लांबच्या दिवशी घरी ठेवा.

हातांची पकड बघा. हायवेवर ट्रक शेजारून गेला की माणूस ग्रिप आवळतो आणि नंतर सैल करायला विसरतो. चालवताना अधूनमधून कोपर किंचित हलवून बघायचे. ते हलत नसतील तर तुमचं वजन हातांवर आहे. मांड्यांनी टाकी हलकेच धरली की हात मोकळे होतात.

मग हवा. सकाळी, गाडी थंड असताना, चिमट्यावर (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) किंवा चेनकव्हरवर चिकटवलेल्या स्टिकरवर जेवढी लिहिली आहे तेवढीच. स्टिकर फाटला असेल तर मॅन्युअलमध्ये बघा. "जरा टाईट भर" म्हणायची सवय आपल्याकडं फार आहे. जास्त हवा भरली की टायर खड्डा गिळत नाही, तो सरळ तुमच्या कंबरेला पोचवतो. कमी हवेनं गाडी लोळते आणि सावरताना खांदे दुखतात. मागं माणूस बसणार असेल तर स्टिकरवर वेगळा आकडा असतो, तोही बघा.

एक पाना आणि अर्धा तास

क्लच आणि पुढच्या ब्रेकचे लिव्हर कारखान्यातून एका सरासरी माणसासाठी लावलेले येतात. तुम्ही नेहमीसारखं बसा, डोळे मिटा, हात सहज ग्रिपवर ठेवा आणि बोटं लिव्हरवर पसरा. मित्राला बाजूनं बघायला सांगा. कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेष आली पाहिजे. मनगट वर मुडपत असेल तर लिव्हर फार आडवे आहेत. क्लॅम्पचे बोल्ट किंचित सैल करून लिव्हर थोडे खाली फिरवा. अंगठ्याकडची तीन बोटं बधिर होतात म्हणून आलेले बरेच जण इथूनच समाधानानं परत गेलेत.

हँडल पाईपचं असेल तर तेही त्याच्या क्लॅम्पमध्ये थोडं पुढं-मागं फिरतं. फिरवल्यावर तीन गोष्टी तपासल्याशिवाय गाडी गल्लीच्या बाहेर काढू नका. हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून कोणतीही केबल किंवा ब्रेकची नळी ताणत नाही ना. हँडल वळवताना इंजिनचा आवाज वाढत नाही ना, कारण वाढला तर ॲक्सिलरेटर केबल ओढली जातेय. आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर झटकन परत येतो ना. क्लॅम्पचे बोल्ट मॅन्युअलमधल्या क्रमानं आणि तेवढ्याच जोरानं आवळा.

गिअर लिव्हर आणि मागच्या ब्रेकचा पॅडल यांची उंचीही बदलता येते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बूट घातल्यावर गिअर टाकायला घोटा वर ओढावा लागत असेल, तर शंभर किलोमीटरनंतर नडगी दुखणारच. ब्रेकचा पॅडल हलवला तर मागचा लाल दिवा नेमका कधी लागतो ते बघून त्याचा स्विच पुन्हा जुळवा. दिवा उशिरा लागला तर मागून येणाऱ्याला तुमचा ब्रेक कळत नाही. दिवा सतत चालू राहिला तरी तेच.

शॉकअप

मागचे शॉकअप किती दाबून ठेवायचे याला प्रीलोड म्हणतात. जुन्या धाटणीच्या दोन शॉकअपच्या गाड्यांत खाली पायऱ्या असलेली रिंग असते आणि ती फिरवायचा अर्धगोल पाना टूलकिटमध्ये मिळतो. साठ किलोचा माणूस आणि नव्वद किलोचा माणूस एकाच पायरीवर गाडी चालवत असतील तर दोघांपैकी एकाची कंबर नक्की दुखणार.

मोजायला दोन माणसं आणि एक टेप लागतो. गाडी मेन स्टँडवर घेऊन, मागचं चाक मोकळं लटकत असताना, चाकाच्या ॲक्सलपासून वर मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर घ्या. मग गाडी खाली घेऊन तुम्ही नेहमीच्या कपड्यांत, नेहमीच्या सामानासह बसा आणि मित्राला तेच अंतर पुन्हा मोजू द्या. फरक मागच्या चाकाच्या एकूण चालीच्या (ते वर-खाली जितकं हलतं त्याच्या) साधारण पाव ते एक तृतीयांश असावा. फरक फार कमी असेल तर शॉकअप तुमच्यासाठी कडक आहे, एक पायरी सैल करा. फार जास्त असेल तर तो आधीच बसलेला आहे आणि खड्ड्यात थेट ठोकर लागणार, म्हणून एक पायरी कडक करा. सगळ्या पायऱ्या करून जमत नसेल, किंवा शॉकअपच्या दांड्यावर तेल दिसत असेल, तर तुमचं काम संपलं. पुढं मेकॅनिक.

कंपन आहे की बैठक?

मुंग्या येऊ लागल्या की वेग दहा किलोमीटरनं कमी करून पाच-दहा मिनिटं चालवा. मुंग्या कमी झाल्या तर ते कंपन आहे. तसाच त्रास राहिला तर बैठक. कंपन निघालं तर चेन बघा: ती स्टिकरवर सांगितली आहे तेवढीच सैल हवी, आणि चाक हातानं फिरवताना एका जागी ताणलेली, दुसऱ्या जागी लोंबलेली नको. तशी असेल तर चेन-स्प्रॉकेट संपलेत. इंजिन माउंटिंगचे बोल्ट, हँडलच्या टोकाची वजनं आणि रिमचा आऊट, म्हणजे रिम वाकडी फिरणं, हे त्यानंतर. एका सिलिंडरची गाडी वरच्या वेगाला थरथरतेच. ती थरथर अंगाला सोसत नसेल तर तिथं दुरुस्ती नाही, वेगाची सवय बदलायची किंवा गाडी.

सीट

खर्चाच्या मानानं सगळ्यात जास्त फरक इथं पडतो, म्हणून इथं घाई नको. आधी सीटवर लेव्हल ठेवा. मोबाईलमधली लेव्हलही चालते. गाडी सपाट जागी, तुम्ही बसलेले, मित्र लेव्हल बघतोय. सीट टाकीकडं उतरती निघाली तर मनगट, खांदे आणि जांघ या तिन्ही दुखण्यांचं मूळ एका जागी सापडलं.

मग अंगठ्यानं फोम जोरात दाबा. खालचा प्लास्टिकचा पॅन लागत असेल तर फोम मेलेला आहे आणि तुमची हाडं पॅनवर बसताहेत. मऊ सीट दुकानात गोड लागते, पण लांबवर तीच दगा देते, कारण मऊ फोम तासाभरात दबून जातो. सीटवाल्याला स्पष्ट सांगा: खाली घट्ट फोम, वर पातळ मऊ थर, बसायच्या जागी रुंदी आणि पुढचं टोक उतरतं नको. रेक्झिन घसरडं नको. कव्हर कायमचं चिकटवायच्या आधी नुसत्या फोमवर बसून बघा. चांगला कारागीर त्याला नाही म्हणत नाही.

पाय टेकावेत म्हणून फोम कापून सीट खाली घेणारे मोठ्या संख्येनं येतात. त्यांना मी कायम एकच विचारतो: गुडघा कुठं जाणार? सीट दोन इंच खाली गेली की फूटरेस्ट तुमच्या दोन इंच जवळ आला. सिग्नलला पाय टेकेल, पण आंबा घाट उतरून रत्नागिरीत पोचेपर्यंत गुडघा बोलायला लागेल. त्याऐवजी सीटचं पुढचं टोक दोन्ही कडांनी निमुळतं करा. पाय सरळ खाली पडतो आणि उंची तशीच राहते.

हँडल रायझर आणि त्यापुढचं

हँडल वीस-तीस मिलिमीटर वर किंवा मागं आणणारे रायझर मिळतात. लांब हात ताणून बसणाऱ्याला त्यांचा खरंच उपयोग होतो. पण केबल आणि ब्रेकची नळी तेवढी पुरते का, हे आधी बघायचं. नळी ताणली जात असेल तर रायझर परत करा. लांब नळी बसवणं म्हणजे ब्रेक उघडणं, आणि ते घरचं काम नव्हे.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच धरलं. मोठा बदल केलेल्या गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनीशी वाद घालत बसायची वेळ येऊ शकते. चेसिस कापणं, फूटरेस्टची पट्टी वेल्डिंगनं हलवणं, शॉकअपची लिंकेज (चाकाकडं जोडणाऱ्या पट्ट्या) बदलून गाडी बुटकी करणं, साइड स्टँड कापणं, हे कुणी कितीही स्वस्तात करून देत असलं तरी करू नका. मी वेल्डिंगच्या शेजारीच दिवस काढतो, म्हणून सांगतो: चेसिसवरचं वेल्डिंग दिसायला भरभक्कम असतं आणि त्याच्या शेजारचा पत्रा तापून कमजोर झालेला असतो.

इथं पाना खाली ठेवा

मोकळ्या रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते. हँडल मधोमध धरलं तरी पुढचं चाक तिरकं दिसतं. पुढचं चाक वर उचलून हँडल हलकेच फिरवताना मध्यभागी खाच लागते. ब्रेक मारला की हँडलमध्ये ठक्क होतं. यातलं काहीही असेल तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग), पुढच्या शॉकअपच्या दांड्या किंवा चिमट्याचे बुश यांचं काम आहे आणि ते चांगल्या गॅरेजचंच आहे. गाडी कधी पडली असेल तर हे आधी तपासून घ्या, कारण वाकलेल्या हँडलशी जुळवून घेता घेता माणूस स्वतः वाकडा बसायला शिकतो. ब्रेकचं ऑइल, एबीएस आणि पुढचे शॉकअप उघडणं हेही गॅरेजचंच काम.

काही ठिकाणी मेकॅनिकही नको, थेट डॉक्टर. बधिरपणा दुसऱ्या दिवशीही राहिला, हातातून वस्तू सुटायला लागल्या, शर्टाची बटणं लावताना बोटं ऐकेनात, कंबरेची कळ गुडघ्याच्या खाली पायात उतरायला लागली, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि तोवर लांबचा प्रवास बंद. कंबरदुखीबरोबर मांड्यांच्या आतल्या भागाची संवेदना गेली, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर एक रात्रही थांबू नका, त्याच वेळी दवाखान्यात जा. गाडीचं नंतर बघू.

सगळं करून झालं, तरी दुखतंय

मग ती गाडी तुमची नव्हे. यात गाडीचा दोष नाही आणि तुमचाही नाही. आता दुसरी बघायची, आणि बघायला एकट्यानं जायचं नाही.

मित्र कशाला? तो जास्त जाणकार असतो म्हणून नव्हे. गाडीवर बसल्यावर आपण स्वतःला बाजूनं बघू शकत नाही, आणि नवी गाडी बघताना आपलं मन आधीच तिच्यावर बसलेलं असतं. मित्रानं बघायचं, फोटो काढायचे, आणि स्वतःच्या आवडीची गाडी तुमच्या गळ्यात मारायची नाही. एवढं पाळणारा मित्र न्या. पाळत नसेल तर दुसरा न्या.

जायच्या आधी घरी एक माप घ्या. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहा, जाडसर वही मांड्यांच्या मधून वर घट्ट धरा आणि तिच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. हे तुमच्या पायाचं खरं माप. त्यात बुटाच्या तळाचे दोन-अडीच सेंटिमीटर मिळवा. आणि शोरूममध्ये चप्पल घालून जाऊ नका. ज्या बुटात, ज्या जॅकेटमध्ये लांब जाणार, तेच घालून जा.

माहितीपत्रकातल्या सीटच्या उंचीला माणसं फार भितात किंवा फार भुलतात. स्प्लेंडर प्लसची सीट ७८५ मिमी, हंटर ३५० ची ७९०, हायनेस सीबी ३५० आणि डोमिनार ४०० या दोन्हींची ८००, क्लासिक ३५० ची ८०५. एवढ्याशा फरकापेक्षा सीट पुढं किती रुंद आहे यानं पाय टेकायला जास्त फरक पडतो. व्ही-स्ट्रॉम एसएक्सची सीट ८३५ मिमी, म्हणजे आकडा बघून बुटका माणूस जवळही जाणार नाही. पण तिचं वजन १६७ किलो आहे, आणि हलकी गाडी एका पायाच्या चवड्यावरही सावरते. उलट सुपर मिटिऑर ६५० ची सीट ७४० मिमीला असते, दोन्ही पाय पूर्ण टेकतात, पण वजन २४१ किलो. हिमालयन ४५० ची सीट ८२५ वरून ८४५ मिमीपर्यंत वर घेता येते, तेव्हा बसून बघताना ती कुठल्या उंचीवर लावलेली आहे ते विचारा. आकडे बघा, पण निर्णय बसून घ्या.

माझा एक मित्र उंचीला पाच फूट तीन इंच. जुन्या गाडीवर पाय टेकत नाही, म्हणून त्याला फक्त बुटकी गाडी हवी होती. पहिल्याच दुकानात एका ठेंगण्या क्रूझरवर बसला, दोन्ही टाचा जमिनीला लागल्या आणि तोंडावर हसू.

"हीच घेऊया, मर्दा. पाय बघ कसला टेकलाय."

"टेकलाय की. आता उतर आणि पार्किंगच्या उतारावरून मागं ओढून काढ बघू."

त्यानं दोनदा ओढली, तिसऱ्यांदा मला हाक मारली. मग चालवून बघितली. पाय पुढं असल्यानं खड्ड्यात अंग उचलता येईना आणि प्रत्येक ठोकर थेट कंबरेत. सर्व्हिस रोडचा खराब पट्टा पार करून आला आणि स्वतःच म्हणाला, "नको." शेवटी घेतली ती तिच्यापेक्षा सहज दोन इंच उंच, पण निमुळत्या सीटची आणि हलकी. एक पाय पूर्ण टेकतो, दुसऱ्याचा चवडा. त्याला तेवढं पुरलं.

शोरूममध्ये गाडी साइड स्टँडवर ठेवून वर बसू नका. ती कललेली असते आणि कललेल्या गाडीवर सगळं बरंच वाटतं. मित्राला पुढून हँडल धरून गाडी सरळ उभी करायला सांगा. डोळे मिटून बसा, हात आणि पाय जिथं सहज जातील तिथं जाऊ द्या, मग डोळे उघडा. हात ग्रिपवर आणि पाय फूटरेस्टवर गेले असतील तर गाडी तुमच्या मापाच्या जवळ आहे. शोधावं लागलं तर किती शोधावं लागलं ते लक्षात ठेवा. मित्रानं बाजूनं फोटो काढावा: कोपर किंचित वाकलेले, मनगट सरळ, गुडघा काटकोनापेक्षा थोडा मोकळा, पाठ ना ताठ ना पोकलेली. दोन-तीन गाड्यांचे फोटो घरी शेजारी ठेवून बघितले की तिथं न दिसलेलं दिसतं.

आणि बसून राहा. पंधरा-वीस मिनिटं. सेल्समनला चहाला पाठवा, गप्पा मारा, पण उतरू नका. सीटचा स्वभाव पहिल्या दोन मिनिटांत कळत नाही. याच वेळात हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवा. लांबच्या बाजूचा हात सुटत असेल तर घाटाच्या वळणावर तो सुटणारच. फूटरेस्टवर उभं राहून बघा. उभं राहताना हँडल ओढावं लागलं तर खड्ड्यांत तुम्ही बसूनच मार खाणार. मागं बायको किंवा आणखी कुणी बसणार असेल तर त्या माणसालाही घेऊन जा आणि त्याचं मत बरोबरीनं धरा.

टेस्ट राइडला दुकानाभोवतीची एक फेरी मारून परत येऊ नका. शिरोली नाक्यावरून हायवेला थोडं अंतर, सहापदरीकरणाच्या कामानं उखडलेला एखादा पट्टा, आणि जमलं तर पन्हाळ्याचा चढ. पन्हाळा वीस किलोमीटरवर आहे, वळणं आहेत, चढावर थांबून पुन्हा निघायची परीक्षाही होते. मित्रानं आपल्या गाडीवरून मागं यावं आणि तुम्ही एका बाजूला झुकून बसताय का ते बघावं. दुकान एवढं लांब जाऊ देत नसेल तर ओळखीत तीच गाडी शोधा. कोल्हापुरात ओळखीच्या ओळखीनं गाडी मिळतेच. अर्धा दिवस आपली गाडी त्याला द्या, त्याची तुम्ही घ्या आणि गगनबावड्यापर्यंत जाऊन या. दोन-अडीच लाखांचा निर्णय आहे, तेवढी टाकीभर पेट्रोलची किंमत त्याला द्यावी.

परत आल्यावर मित्रानं तीनच प्रश्न विचारावेत, गाडी कशी वाटली हा सोडून. सगळ्यात आधी कुठं जाणवलं? त्यासाठी किती वेळा जागा बदलली? आणि अजून दोन तास बसशील का? उत्तर द्यायला वेळ लागला तर तेच उत्तर.

सेकंडहँड बघत असाल तर निपाणी-बेळगावकडची केए २३, केए २२ पासिंगची गाडी स्वस्त दिसते. ती इकडं कायम ठेवायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि एमएच ०९ ला नोंदणी हे सगळं येतं. किंमत ठरवताना ते धरा. एमएच ०९ चीच गाडी असेल तर मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, आणि कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५. जुन्या मालकाला तो कुठं कुठं फिरला ते विचारा आणि त्याची उंची बघून घ्या. तुमच्या बांध्याचा माणूस तीन वर्षं त्याच गाडीवर गोव्याला जाऊन येत असेल तर ती माहिती माहितीपत्रकापेक्षा मोलाची. उलट त्यानं सीट कापून, रायझर लावून ठेवले असतील तर मूळ सीट आणि मूळ भाग परत मागा, नाहीतर त्याचं माप तुमच्या गळ्यात पडतं.

गाडी घरी आली की वरची फुकटची यादी पहिल्यापासून पुन्हा करा: हवा, लिव्हर, पॅडल, प्रीलोड. नवी गाडीही सरासरी माणसासाठी लावलेली असते. पहिल्या सर्व्हिसला जाताना काय हलवलंय ते कागदावर लिहून मेकॅनिकच्या हातात द्या आणि "लिव्हर आणि प्रीलोड आहे तिथंच ठेवा" असं जॉबकार्डवर लिहून घ्या, कारण तिथं सगळं परत कारखान्याच्या खुणेवर नेऊन ठेवायची सवय असते. लांबची पहिली खेप त्या सर्व्हिसनंतरच ठेवा, आणि त्या खेपेला साताऱ्याच्या अलीकडं जरा थांबून मोबाईलमधल्या त्या तीन नोंदी पुन्हा लिहा.